पालथं ताट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नसावी, यावर शेजारीपाजारी इतकी वर्षं हसत आले होते की आता हसणाऱ्यांनाच त्याचा कंटाळा आला होता. मिस्त्री मात्र हा विनोद दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखा ऐकून घ्यायचे आणि अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढायचे. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की ‘अहो’ सोडून ‘मिस्त्री’ म्हणायची, आणि मग घरातल्या सगळ्यांना कळायचं की आज काही खरं नाही.

घरात हा माणूस मोजकं बोलायचा. कामावर मात्र घसा फोडून बोलायचा, कारण ते कामच तसं होतं. ज्या उंच, अंधाऱ्या पोकळीतून लिफ्ट वर-खाली जाते, तिला शाफ्ट म्हणतात. तिथे दुरुस्ती चालते तेव्हा एक माणूस वर मोटारीपाशी असतो, एक लिफ्टच्या टपावर आणि एक अगदी तळाच्या खड्ड्यात. कोणालाच कोणी दिसत नाही. म्हणून मोटार सुरू करण्याआधी वरचा माणूस ओरडतो, ‘आवाज!’ आणि बाकीच्यांनी आपण कुठे आहोत ते ओरडून सांगायचं. ‘टपावर!’ ‘खड्ड्यात!’ एकाचा जरी आवाज आला नाही तर बटणाला हात लावायचा नाही, मग खाली साहेब घड्याळाकडे बघत पाय का आपटेनात. मिस्त्रींनी हा नियम कधी मोडला नव्हता. त्यांचा जोडीदार कायम खड्ड्यात उतरायचा, म्हणून त्याला पाताळ्या हे नाव पडलं होतं. तो एकदा गंमत म्हणून मुद्दाम गप्प राहिला, तर मिस्त्री सगळे जिने उतरून खाली आले, तो धडधाकट आहे हे पाहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

तर असा हा काटेकोर माणूस घरी आल्यावर कोणालाही आवाज देत नसे.

घरात माणसं चार आणि जेवणाच्या वेळाही चार. मिस्त्रींना कधीही बोलावणं यायचं. थोरली मुलगी औषधांच्या दुकानात होती, तिची पाळी कधी सकाळची तर कधी संध्याकाळची. धाकटा छापखान्यात कामाला. आणि आई मागच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची. एकत्र बसून जेवायला जमतच नाही, असं चौघंही म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर कोणी तशी खटपटही केली नव्हती. आईनं त्यावर तोडगा काढला होता. दुपारीच स्वयंपाक उरकून ती चार ताटं वाढायची आणि झाकण्या घालून ओट्यावर ओळीनं मांडायची. ज्यानं त्यानं यावं, जेवावं, आपलं ताट विसळावं आणि होतं त्याच जागी पालथं घालावं. पालथं ताट म्हणजे निरोप: माणूस आला, जेवला, आता त्याला छळू नका. आईच्या ताटाला निळी कड होती. धाकट्याचं ताट सगळ्यांत खोलगट, कारण तो पहिल्यापासून खादाड. आई त्याला पोटोबाच म्हणायची. कित्येक दिवस असे जायचे की मिस्त्रींना मुलांची तोंडं दिसत नसत, फक्त त्यांची पालथी ताटं दिसत. त्यांना तेवढं पुरायचं. सगळं ठीक चाललंय, असं समजून ते झोपी जायचे.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मिस्त्री सगळ्यांच्या मागून घरी आले. ओट्यावर तीन ताटं पालथी होती, त्यात निळ्या कडेचंही. म्हणजे बायको जेवली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मिस्त्रींच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी आपल्या ताटावरची झाकणी काढली आणि उभ्याउभ्याच जेवायला सुरुवात केली.

तेवढ्यात आतून आवाज आला. काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा, आणि पाठोपाठ काहीतरी थोडंसं फरफटल्याचा.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग निळ्या कडेच्या ताटाकडे पाहिलं. जेवलीय, म्हणजे बरी आहे. कापडांचा गठ्ठा पडला असेल, तो ओढून भिंतीशी लावत असेल. एवढा विचार करून त्यांनी घास तोंडात घातला. जेवण झालं, ताट विसळलं, पालथं घातलं आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ते आडवे झाले. दमलेल्या दिवशी त्यांनी तिथेच झोपायचं अशी बायकोचीच आज्ञा होती, कारण अशा दिवशी ते फार घोरत.

सकाळी थोरलीनं ते दार उघडलं.

मेंदूतली रक्तवाहिनी, असं डॉक्टर म्हणाले. दुपारपासूनच सुरुवात झाली असणार, उजवा हात तेव्हाच कामातून गेला असणार. मग ते म्हणाले, “कालच आणलं असतं तर…” आणि त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. आई दोन दिवस तशीच होती, डोळे मिटून. मग गेली.

दुःख सगळ्यांनाच झालं, त्याचं मोजमाप करण्यात अर्थ नाही. पण मिस्त्रींच्या डोक्यात दुःखाशेजारी आणखी एक गोष्ट येऊन बसली आणि ती काही केल्या उठेना. ज्या बाईचा उजवा हात दुपारीच गेला, तिनं ताट विसळून पालथं घातलं कसं? ते शक्यच नव्हतं. म्हणजे ते दुसऱ्या कोणीतरी घातलं होतं. आणि ते ताट उताणं असतं, झाकणीखाली जेवण तसंच असतं, तर आवाज ऐकल्यावर मिस्त्री आत गेले असते. नक्की गेले असते. हे ते स्वतःला दिवसातून कितीदा तरी सांगत. आवाज ऐकल्याचं मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. ते त्यांच्या पोटात राहिलं.

मिस्त्रींखेरीज घरात दोनच माणसं उरली होती, मुलगी आणि मुलगा. म्हणजे त्या दोघांपैकी एक. सरळ विचारायचं, तर विचारायची छाती होईना. ओट्यावरच्या फळीत निळ्या कडेचं ताट तसंच उभं होतं. त्याला कोणी हात लावत नव्हतं, आणि ते तिथून हलवतही नव्हतं.

तिकडे कामावरही सुटका नव्हती. संध्याकाळच्या वेळी शाफ्टमध्ये उभं राहिलं की भिंतीपलीकडून घराघरातले आवाज येतात. खुर्च्या सरकल्याचे, भांड्यांचे, कोणी कोणाला जेवायला हाका मारल्याचे. इतकी वर्षं मिस्त्रींनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता त्या आवाजांच्या मधूनच त्यांना दुसरा आवाज ऐकू यायचा. काहीतरी पडल्याचा, काहीतरी फरफटल्याचा. कधी वरून, कधी अगदी कानाशी. ते हातातलं काम थांबवून खाली ओरडायचे, काही पडलं का रे? पाताळ्या म्हणायचा, नाही दादा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. शेवटी पाताळ्या एकदा वर येऊन त्यांच्या शेजारी नुसताच बसून राहिला. हे त्याचे उपकारच.

मग एक दिवस मिस्त्रींनी सगळ्या झाकण्या गोळा केल्या आणि कपाटावर टाकल्या. टेबलावर कपड्यांचे ढीग पडलेले असायचे, ते उचलून टेबल पुसलं. दोन्ही मुलांना सांगितलं की आजपासून ताट झाकून ठेवणं बंद. आठला तिघांनी बसायचं, एकदम. मी दिवसाची पाळी मागून घेतली आहे, तुम्हीही काय ते बघा. सगळ्यांचा आवाज आल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही.

मुलांना वाटलं, आईच्या मागे बाबांना आपली माया आली. शेजारच्या काकूंना तर ऐकूनच गहिवरून आलं. प्रत्यक्षात मिस्त्रींच्या मनात मायेचा भाग फार थोडा होता. त्यांना दोघांना समोर बसवायचं होतं. समोर बसलेला माणूस किती दिवस लपवेल? जेवताना त्याचा हात अडखळेल, नजर फळीकडे जाईल, कधीतरी पकडला जाईलच. आणि एकदा तो सापडला की मग तो आवाज त्याचा. मिस्त्री त्यातून मोकळे.

पहिल्या संध्याकाळी मिस्त्री खुर्चीवर बसले आणि खरोखरच म्हणाले, “आवाज.” थोरली गोंधळून म्हणाली, इथे आहे. धाकटा म्हणाला, खड्ड्यात. कोणी हसलं नाही. मिस्त्रींनी स्वतः केलेले बटाटे वरून करपलेले आणि आतून कच्चे होते. तिघांनी ते माना खाली घालून संपवले.

बरेच दिवस हे असंच चाललं. मिस्त्री डोळ्यांत तेल घालून दोघांकडे पाहायचे. पण अडचण अशी झाली की माणसाकडे इतकं रोखून पाहत राहिलं की जे शोधतोय त्याच्याबरोबर बाकीचंही दिसायला लागतं. थोरली चिडली की मिठाची बाटली जागची हलवते, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. धाकट्याच्या नखांत शाई असते आणि ती कुठल्या रंगाची आहे त्यावरून तो आज काय छापत होता ते ओळखता येतं, हेही कळलं. पुढे तर थोरली आणि मिस्त्री त्यावर पैजा लावायला लागले. थोरलीला दुकानात एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन तीच गोळी विचारतात आणि न घेता जातात, हे तिनं एकदा सांगितलं. धाकटा म्हणाला, अगं ताई, त्यांना गोळी नको असेल, कोणीतरी बोलायला हवं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं त्या गृहस्थांना स्टूल दिलं. मिस्त्रींनीही कधी नव्हे ते कामावरच्या गोष्टी काढल्या. एक माणूस दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक घेऊन लिफ्टमध्ये अडकला आणि सुटका होईपर्यंत त्यानं भीतीनं अर्धा केक संपवला, ही गोष्ट ऐकून थोरलीच्या नाकातून पाणी आलं. त्या दिवशी मिस्त्री आपण इथे कशासाठी बसलो आहोत हे काही वेळ विसरले. मग हसता हसता त्यांची नजर फळीवरच्या निळ्या कडेवर गेली आणि ते पुन्हा दोघांच्या हातांकडे पाहायला लागले.

बटाटेही सुधारले, ही गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. धाकटा दुसऱ्यांदा वाढून घेत नसे. हा तोच पोटोबा, जो आईच्या मागे भांडं घेऊन फिरायचा. आता पुढ्यात येईल तेवढं खायचा आणि भांड्यात कितीही उरलेलं असलं तरी तिकडे बघायचाही नाही. थोरली आग्रह करायची तर म्हणायचा, पोट भरलं. मिस्त्रींच्या मनानं ती गोष्ट टिपून ठेवली.

त्यानंतर थोरलीच्या आजारपणाचं झालं. मिस्त्रींना दिसलं होतं की ती निम्मं ताट तसंच बाजूला ढकलते आणि तिचे ओठ पांढरट दिसतात. पण बायकांचं काही असेल म्हणून ते गप्प होते. एका जेवणात धाकटा सहज म्हणाला की ताई हल्ली जिना चढताना प्रत्येक मजल्यावर भिंत धरून उभी राहते. थोरली म्हणाली, छे, दुकानात उभं राहून पाय दुखतात, आणि परवा जरा चक्कर आली होती तेवढंच. मिस्त्रींनी चमचा खाली ठेवला. ओठ, भिंत आणि चक्कर. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी दोघं तिला धरून दवाखान्यात घेऊन गेले. रक्त फारच कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली, नीट खायची ताकीद दिली आणि शेवटी हसून म्हणाल्या, “वेळेत लक्ष दिलंत हो. घरात सगळे एकत्र जेवता वाटतं?”

मिस्त्रींनी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा जेवायला यायचा बंद झाला. छापखान्यात घाईचं काम आहे, तुम्ही थांबू नका, असा निरोप. तिसऱ्या दिवशीही तेच. मिस्त्रींना जे हवं होतं ते मिळालं होतं. सापडला, असं ते मनात म्हणाले. आता फक्त त्याला समोर उभं करायचं आणि विचारायचं. पण मनासारखं झाल्यावर माणसाला जे बरं वाटायला हवं ते काही वाटेना. टेबलाशी ते आणि थोरली असे दोघंच बसायचे. मिस्त्री ‘आवाज’ म्हणायचे, थोरली हळूच उत्तर द्यायची आणि मग पुढे जी शांतता व्हायची ती कोणी मोडायचं नाही. त्या शांततेत मिस्त्रींना आतल्या खोलीतून तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा. पूर्वी तो शाफ्टमध्ये यायचा. आता तो घरी यायला लागला होता. एकदा तर त्यांनी थोरलीकडे पाहिलं, तिनं ऐकला की काय म्हणून.

थोरलीनं काही ऐकलं नव्हतं, पण तिनं बाकी सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आम्हाला जेवायला बसवता की चौकशीला?”

मिस्त्रींनी भांड्यावर झाकण ठेवलं.

“तो छापखान्यात नसतो,” ती म्हणाली. “सहालाच सुटतो. खाली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून असतो, आपलं जेवण होईपर्यंत. काल मी कचरा टाकायला गेले तेव्हा पाहिलं. मला बघून बुटाची नाडी बांधायला लागला.” तिनं मिठाची बाटली उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. “जा आणि आणा त्याला. मी नाही जाणार. तुमच्या भीतीनं बसलाय तो तिथे.”

मिस्त्री उठले. जिना उतरताना गुडघे दुखत होते, आणि मनात काय होतं ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. राग होता, हे खरं. वर्षभर मुरलेला राग. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटा पायरीवर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. बाबांना पाहून त्यानं नाडी वगैरे काही केलं नाही. बाजूला सरकून जागा दिली. मिस्त्री बसले. वरच्या कुठल्याशा घरातून ताटांचे आवाज येत होते.

“जेवायला चल,” मिस्त्री म्हणाले.

“मी तिथे बसलो तर मला बोलावं लागेल.”

“मग बोल.”

दोघं वर आले. थोरलीनं तिसरं ताट मांडून ठेवलं होतं. या वेळी मिस्त्री ‘आवाज’ म्हणाले नाहीत. धाकटा बसला आणि कोणी घास उचलायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, ताटाकडे बघत, छापून ठेवल्यासारखं. इतके महिने मनात घोकलं असणार.

त्या दिवशी तो सगळ्यांत आधी आला होता. आपलं ताट संपवलं तरी भूक होती. आत डोकावला तर आई मशीनपुढे बसली होती, मशीन बंद, उजवा हात मांडीवर. म्हणाली, आज मला जेवण जात नाही रे पोटोबा, माझंही तूच घे, हात नुसता जड झालाय. “आणि मला आनंद झाला,” धाकटा म्हणाला. “तिला बरं नाही म्हणून नाही. ताट मिळालं म्हणून. मी विचारलंसुद्धा नाही की हात कशानं जड झालाय. दार लोटलं, जेवलो, दोन्ही ताटं विसळली, पालथी घातली आणि मित्राकडे गेलो.”

मिस्त्रींना हवं होतं ते सगळं आता टेबलावर होतं. जिभेवर शब्द तयार होते, वर्षभर घासूनपुसून ठेवलेले. तुझ्यामुळे. एवढाच एक शब्द म्हणायचा अवकाश होता, आणि तो आवाज मुलाच्या अंगावर जाऊन पडला असता, जन्मभरासाठी. मुलगा त्याचीच वाट बघत मान खाली घालून बसला होता. तो घ्यायला तयार होता, हे मिस्त्रींना दिसलं. आणि त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की टेबल धरावं लागलं.

“मी ती पडल्याचा आवाज ऐकला,” ते म्हणाले.

दोघांनी माना वर केल्या.

“मी इथे ओट्यापाशी उभा होतो, जेवत. आत काहीतरी पडलं, मग फरफटलं. मला ऐकू आलं. मी आत गेलो नाही. एक हाकसुद्धा मारली नाही. ताट पालथं होतं म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते खोटं आहे. भूक लागली होती आणि मी दमलो होतो, म्हणून गेलो नाही.”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की आता पोरं उठून जातील. गेली असती तरी त्यांनी थांबवलं नसतं. पण कोणी उठलं नाही. थोरलीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“तिनं मला हाक मारली होती,” ती म्हणाली.

ती मधल्या वेळेला आली होती, धाकटा गेल्यावर आणि बाबा यायच्या आधी. सकाळीच दोघी मायलेकींची कशावरून तरी खडाजंगी झाली होती. इतक्या क्षुल्लक कारणावरून की आता ते आठवतही नव्हतं. तिनं आईचं पालथं ताट पाहिलं, दाराखालचा उजेड पाहिला आणि पाय न वाजवता जेवायला बसली. तेव्हा आतून हाक आली. एकदाच. बोबडी, जीभ जड झाल्यासारखी. “मला वाटलं, अजून रागातच आहे, म्हणून तोंड वाकडं करून बोलतेय. मी ओ दिली नाही. जेवण उरकलं, ताट पालथं घातलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.”

कोणी कोणाचं सांत्वन केलं नाही. ते जमण्यासारखं नव्हतं. तिघंही समोर मांडलेल्या ताटांकडे बघत होते, पण बघत होते ते त्या तीन गोष्टींकडे. जड झालेला हात. जड झालेली जीभ. आणि जमिनीवर पडल्याचा आवाज. एकेकाकडे एकेक होती, आणि एकेकटी असली तर त्यातली कुठलीच फार मोठी नव्हती. कोणाचा हात जड होत नाही? कोण रागात वाकडं बोलत नाही? घरात काही ना काही पडतच असतं.

“आमच्या दुकानात येऊन कोणी हे तिन्ही सांगितलं असतं ना,” थोरली म्हणाली, “तर मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला दवाखान्यात पळवलं असतं.”

“आपण त्या दिवशी इथे बसलो असतो तर?” धाकट्यानं विचारलं.

काय झालं असतं ते तिघांनाही दिसत होतं. तो म्हणाला असता, आई जेवत नाही म्हणतेय, हात जड झालाय. थोरली म्हणाली असती, बोलतेयही कशीतरीच. वाढलेलं जेवण तसंच टाकून तिघं एकदम उठले असते आणि धावत आत गेले असते. टेबलापासून त्या दारापर्यंत अंतर ते किती.

थोरली उठली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या मागोमाग धाकटा उठला, त्याच्या खुर्चीचा आवाज झाला, आणि मग मिस्त्रीही उठले. तिघं मागच्या खोलीपाशी आले. थोरलीनं दार ढकललं आणि दिवा लावला.

मशीनवर धूळ बसली होती. भिंतीशी कापडांचे गठ्ठे नीट रचलेले होते, एकही पडलेला नव्हता. मिस्त्रींनी बायकोला हाक मारली, त्या दिवशी मारायला हवी होती तशी, मोठ्यानं. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि तिघंही थोडा वेळ तिथेच थांबले, उत्तर येतंय का ते ऐकत.